परतीचे किनारपक्षी पाहायचे तर तिथी बघून निघा

मार्चअखेर ते एप्रिलअखेर कोकणातले हिवाळी पाहुणे उत्तरेकडे परततात. जाण्याआधी ते अंगावर विणीचे रंग चढवतात, त्यामुळे जानेवारीत मातकट दिसणारा पक्षी आता ओळखू येत नाही. हे रंग जवळून पाहायला अलिबागशेजारचा आक्षीचा किनारा उत्तम. दिवस मात्र रविवार बघून नाही, भरती बघून ठरवा.

कोकणातला जुना हिशोब असा: तिथीचा आकडा पाऊणपट केला की पूर्ण भरतीची वेळ. एकादशीला ११ चे सव्वाआठ. अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, म्हणून भरतीच्या तक्त्याशी ताडून घ्या. पंधरवडा शुक्ल असो की कृष्ण, कुठलाही चालेल, पण दशमी-एकादशी सोयीची: सकाळी पाणी चढत असतं आणि पक्ष्यांना तुमच्याकडे ढकलत आणतं. पौर्णिमा-अमावास्येला भरती दुपारी बाराच्या सुमारास. म्हणजे सकाळी थवे पार लांब ओहोटीच्या काठावर, आणि ते जवळ येईपर्यंत तापलेल्या वाळूवरची हवा थरथरायला लागते. मग कितीही महागडी दुर्बीण असो, सगळं पाण्यात बुडाल्यासारखं दिसतं.

सव्वासहाला पोहोचा. किनारा पश्चिमेकडे तोंड करून आहे, त्यामुळे सकाळचं ऊन पाठीशी राहतं. ८×४२ ची दुर्बीण पुरते. स्पॉटिंग स्कोप (तिपाईवरची एकनळी दुर्बीण) असेल तर २५-३० पटींवरच ठेवा, त्यापुढे हवेची थरथरच मोठी होते. पाणी माणशी दोन लिटर. सुरूच्या कडेने चाला आणि थव्याच्या पन्नासेक मीटर अलीकडे, पाणी जिथवर येईल त्याच्या थोडं वर, बसून घ्या. पक्ष्यांना आपल्याकडे येऊ द्यायचं. चरणं थांबवून माना वर झाल्या, की तुम्ही फार जवळ आलात. उडवलेला थवा नुसता फोटो बिघडवत नाही. पुढच्या हजारो किलोमीटरसाठी साठवलेली चरबी तिथेच जळते.

आता ओळख. कर्ल्यू सँडपायपर विटकरी होतो, पण एप्रिलमध्ये बहुतेकांचं काम अर्धवट असतं: राखाडी अंगावर लाल ठिगळं. चोच लांब आणि खाली वाकलेली, उडताना शेपटीच्या वरचा भाग पांढरा. डनलिनचं पोट काळं होतं. ग्रे प्लोवरचंही होतं, पण तो बराच मोठा, चोच आखूड. रंग चढला नसेल तर उडताना पंखाखालच्या काखेतला काळा डाग बघा.

खरी डोकेदुखी सँड प्लोवर, म्हणजे चिखल्यांची. लेसर आणि ग्रेटर या दोन जाती, आणि दोघांच्याही छातीवर तांबूस पट्टा येतो. लेसरचा रुंद, ग्रेटरचा बहुधा अरुंद. पण रंग अर्धवट असताना पट्ट्यावर विसंबू नका. चोच मोजा. चोचीच्या बुडापासून डोळ्याच्या मागच्या कडेपर्यंतचं अंतर डोळ्यांनी धरा; चोच त्याहून स्पष्ट लांब असेल तर ग्रेटर. पाहताना पक्षी पूर्ण आडवा उभा हवा, तिरक्या पक्ष्याची चोच आखूडच भासते. शंका उरली तर वहीत ‘सँड प्लोवर’ एवढंच लिहा. चुकीच्या नावापेक्षा ते बरं.

रंग मुळीच न चढलेले पक्षीही दिसतील. ते बहुधा पहिल्या वर्षाचे असतात. त्यांतले बरेच परत न जाता पावसाळाही इथेच काढतात.

पायात रंगीत पट्टी दिसली तर चार गोष्टी टिपा: रंग, अक्षरं, डावा की उजवा पाय, गुडघ्याच्या वर की खाली. अशा पट्ट्या घालणाऱ्या बीएनएचएसला (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) कळवा. अक्षरं वाचता आली नाहीत तरी उरलेल्या तीन उपयोगी पडतात.

मोजताना आधी नेमके दहा मोजा, तेवढा ठोकळा डोळ्यात बसवा आणि तो थव्यावर पुढे सरकवत न्या. साडेदहानंतर थांबण्यात फारसा अर्थ नाही.

संध्याकाळी पाचला पाणी पुन्हा चढत असतं, पण सूर्य समोर असल्याने नुसत्या काळ्या आकृत्या दिसतात. तरी या, कारण किनारपक्षी लांबच्या प्रवासाला बहुधा सूर्यास्ताच्या आसपास निघतात. किनाऱ्याला समांतर न जाता साद घालत, घिरट्या घेत उंच चढणारा आणि उत्तरेकडे वळणारा थवा दिसला, तर वेळ, दिशा आणि अंदाजे संख्या ईबर्ड या पक्षीनोंदींच्या संकेतस्थळावर टाका.

घरी आल्यावर दुर्बिणीच्या भिंगावरची वाळू आधी फुंकणीने उडवा, मग ओलसर कापड. कोरड्या कापडाने घासलं तर भिंगावरचा लेप ओरखडलाच समजा.