या चुका टाळा: फेको करताना चेंबर बसतंय? आधी बाटलीकडे बघा

फेको म्हणजे अल्ट्रासाउंडने भिंग फोडून ओढून घ्यायचं मोतीबिंदूचं ऑपरेशन. त्यात डोळ्यातलं प्रेशर म्हणजे पाण्याची आवक-जावक. वर टांगलेल्या बाटलीतून येतं त्यापेक्षा जास्त पाणी भिंग फोडणाऱ्या प्रोबने ओढलं किंवा चिरेतून गळलं, की चेंबर, म्हणजे डोळ्यातली भिंगापुढची पाण्याची जागा, बसतं आणि भिंगाची मागची पिशवी उचलून प्रोबच्या टोकाशी येते. ती फाटायला क्षण पुरतो. तरी नवीन सर्जनचा हात पहिला जातो मशीनच्या सेटिंगकडे.

माझाही जायचा. शिकाऊ असताना एका केसमध्ये चेंबर सारखं थरथरत होतं. मी व्हॅक्यूम (प्रोबची ओढ) कमी केला, अजून कमी केला, चीर तपासली. शेवटी सिस्टरच म्हणाल्या, "सर, बाटलीत बुडबुडेच येईनात." काचेच्या बाटलीला हवेची सुई टोचायची राहिली होती. हवा आत गेली नाही की धार हळूहळू मंदावते, सुरुवातीला कळतही नाही. तेव्हापासून माझा क्रम ठरलेला: बाटलीतलं पाणी, हवेची सुई, दुमडलेली नळी, स्लीव्ह (प्रोबवरचं मऊ आवरण, ज्यातून पाणी आत जातं), चीर. मशीन सगळ्यात शेवटी.

उलटी चूकही होते. चेंबर बसतंय म्हणून बाटली वर, अजून वर. डोळ्यापासून 100 सेंमी उंचीवरची बाटली, पाणी वाहत नसताना, डोळ्यात साधारण 73 मिमी पाऱ्याइतकं प्रेशर देते. एरवी ते 10 ते 21 असतं. काचबिंदूने नस आधीच खराब असलेल्या पेशंटला हे झेपणारं नाही. आणि टेबल विसरू नका: ते 15 सेंमी खाली घेतलं, तर मशीनवरचा आकडा तोच राहतो, डोळ्यातलं प्रेशर मात्र 11ने वाढतं.

मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात चेंबर एकदम खोल जातं, बाहुली पसरते, पेशंट कळवळतो. तिथे आयरिसची, म्हणजे बाहुलीभोवतीच्या रंगीत पडद्याची, कड हलकेच उचलायची. अडलेलं पाणी मागे जातं आणि चेंबर जागेवर येतं.

टोकात तुकडा अडकला की नळीत ओढ साठते, आणि तो सुटताच चेंबरमधलं पाणी एकदम ओढलं जातं. शेवटच्या तुकड्याला म्हणूनच व्हॅक्यूम उतरवा, तेव्हा पिशवीपुढे आडोसा उरलेला नसतो. प्रोब काढतानाही पाणी चालू ठेवून दुसऱ्या हाताने व्हिस्को (चेंबर भरून धरणारी जेल) भरा, मग बाहेर या.

आमच्याकडे सोलापुरात पूर्व भागातले तेलुगूभाषक यंत्रमाग कामगार, विडी कामगार बायका खूप. खोकला जुनाच. खोकला आला की मागून प्रेशर येतं. ड्रेप (तोंडावरचं निर्जंतुक कापड) घालण्याआधी मी तेलुगूत सांगतो, "दग्गु वस्ते चेप्पंडी", खोकला आला तर सांगा. नुसतं "खोकू नका" म्हटलं की माणूस श्वास धरून बसतो, तेही वाईटच. लघवीला जाऊन आलात का, हेही विचारावं.

पण खोकला नाही, स्पेक्युलम (पापण्या उघड्या धरणारा चिमटा) दाबत नाही, बाटली भरलेली आहे, तरी डोळा दगडासारखा होत चेंबर उथळ होतंय, तर बाटली वर करून झगडू नका. प्रोब काढा, चीर ताबडतोब बंद करा आणि मागे रक्तस्राव झालाय का ते आधी पाहा.