शिफ्ट बदलून मागण्याआधी: मधुमेह असलेल्या कामगाराची तयारी

शिफ्ट बदलून मागणारे बहुतेक अर्ज आजाराबद्दल पानभर लिहितात आणि मागणी मात्र 'तरी सहकार्य करावे' या शेवटच्या ओळीवर सोडून देतात. त्यातून एचआरला काहीच करता येत नाही, कारण नेमकं काय बदलायचं ते कुठेच नसतं. अर्जात आजार एका ओळीत असावा आणि घड्याळाच्या वेळा ठळक असाव्यात. खालची सगळी तयारी त्या वेळा ठरवण्यासाठी आणि त्यांना आधार देण्यासाठी आहे. चाकण, रांजणगाव, वाळूज अशा एमआयडीसीत दर आठवड्याला शिफ्ट बदलणारा आणि इन्सुलिन घेणारा कामगार इथे समोर धरला आहे. ऑफिसात बसून काम करणाऱ्यांनाही यातलं बरंच लागू पडेल.

सुरुवात औषधापासून करा, कारण सगळ्यांची गरज सारखी नसते. नुसत्या मेटफॉर्मिनच्या गोळीवर असलेल्याची शुगर जेवायला उशीर झाला म्हणून सहसा लो होत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड अशा गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर होऊ शकते. त्यातही 30/70 चं मिक्स इन्सुलिन वेळेला फार पक्कं. ह्युमन प्रकारात सुई जेवणाआधी साधारण अर्धा तास घ्यायची असते, आणि त्यातल्या सावकाश चालणाऱ्या 70 टक्के भागाचा जोर चार ते बारा तासांच्या दरम्यान असतो. सकाळी सातला सुई घेतली तर साडेबारा-एकला जेवण पोटात जायलाच हवं. लाइन सुटत नाही म्हणून तेच जेवण अडीचवर गेलं की दरदरून घाम, हाताला कंप, डोकं बधिर. नाईटला आणखी अवघड: संध्याकाळची सुई घेऊन माणूस रात्रभर उभ्याने काम करतो, अंगमेहनतीने शुगर आणखी उतरते, आणि कॅन्टीनची वेळ मध्यरात्रीनंतरची. म्हणून डॉक्टरांना आधी एक प्रश्न विचारा: शिफ्ट आहे तीच ठेवून इन्सुलिनचा प्रकार बदलता येईल का? दिवसातून एकदाचं लांब पल्ल्याचं आणि प्रत्येक जेवणाबरोबर झटपट चालणारं, अशी जोडी काहींना शिफ्टमध्ये जमते. ती जमत असेल तर अर्जाची गरजच उरत नाही. जमत नसेल तर तसं डॉक्टरांच्या कागदावर येऊ द्या, कारण कंपनीचा डॉक्टर पहिल्यांदा हेच विचारणार. शिफ्टप्रमाणे डोस स्वतःच्या मनाने मात्र पुढेमागे करू नका.

आता नोंदी. ग्लुकोमीटरवर दिवसातून चार वेळा तपासा: उठल्यावर, कामावर चढताना, जेवणाआधी आणि शिफ्ट सुटताना. वही आडवी धरून रकाने पाडा: तारीख, शिफ्ट, सुईची वेळ, जेवणाची ठरलेली वेळ, जेवणाची खरी वेळ, शुगर, काय जाणवलं. ठरलेली आणि खरी वेळ असे दोन वेगळे रकाने हवेतच. सगळा पुरावा या दोन रकान्यांमधल्या फरकात असतो. दोन आठवड्यांना 56 पट्ट्या लागतात, म्हणजे 50 चा डबा पुरत नाही. वर 25 चं एक पाकीट घेऊन ठेवा. नोंदींत नाईटचा आठवडा आलाच पाहिजे, आणि तीन शिफ्ट फिरत असतील तर तीन आठवडे लिहा. 70 (मिलिग्रॅम/डेसिलिटर, ग्लुकोमीटरवर दिसतो तोच आकडा) च्या खालचा आकडा लाल पेनाने, 54 च्या खालचा लाल पेनाने गोल करून. उपवासाचे दिवस वेगळे दाखवा. आणि इथे स्पष्टच सांगायला हवं: कंपनीकडे जेवणाची वेळ मागायची आणि संकष्टीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहून सुई घ्यायची, हे एकत्र चालणार नाही. उपवास करायचाच असेल तर त्या दिवसाचा डोस आधी डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

दंडाला शुगर मोजणारा सेन्सर लावत असाल तर 14 दिवसांचा रिपोर्ट आयता मिळतो. मात्र बऱ्याच कारखान्यांत मोबाइल आत नेता येत नाही, त्यामुळे सेन्सरचा वेगळा रीडर आत नेण्याची परवानगी ही अर्जातली स्वतंत्र मागणी करा. सेन्सरचा आकडा रक्तातल्या साखरेच्या काही मिनिटं मागे असतो. शुगर वेगाने उतरत असताना आकडा बरा दिसला आणि अंगाला घाम सुटला असेल, तर बोट टोचून खात्री करा.

सर्वांत जास्त घोळ होतो तो डॉक्टरांच्या दाखल्यात. 'हलकं काम द्यावे' हे तीन शब्द लिहून आणू नका. ते वाचून एचआरला एवढंच कळतं की माणूस कामाला अयोग्य आहे, आणि मग बिनपगारी रजा किंवा दुसऱ्या कमी कामावर बदली सुरू होते. दाखल्याचा मजकूर असा मागा: 'रुग्ण इन्सुलिनवर आहे. दुपारचे जेवण 12.30 ते 1 या वेळेत होणे आवश्यक आहे. पुढील सहा महिने रात्रपाळी देऊ नये. या अटींवर नेहमीचे काम करण्यास सक्षम आहे. सहा महिन्यांनी फेरतपासणी.' खाली तारीख, सही, शिक्का, नोंदणी क्रमांक. 'सक्षम आहे' हे वाक्य राहिलं तर दाखला परत करून नवीन लिहून घ्या. सगळी फाइल, एचबीए1सीचे (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचे) जुने रिपोर्ट, इतर आजारांची कागदपत्रं जोडायचं कारण नाही. दाखला आणि नोंदींचं एक पान पुरे.

क्रेन, फोर्कलिफ्ट, प्रेस किंवा उंचीवरचं काम असेल तर अर्ज देण्याआधी जरा थांबून विचार करा. इन्सुलिनचं कळल्यावर सेफ्टीवाले त्या कामावरून काढू शकतात आणि त्यात त्यांचं चुकतं असंही नाही. शुगर लो झाल्याचं ज्याला आधी जाणवत नाही, त्याने ते स्वतःहून सांगावं. मशीनवर चढण्याआधी आकडा 90 च्या खाली असेल तर आधी खाणं, मग काम, हा नियम स्वतःच अर्जात लिहून दिलात तर बोलणं सोपं जातं.

कायद्याचं बोलताना जपून. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 मध्ये 21 प्रकार आहेत, मधुमेह त्यात नाही. खाजगी कंपनीत 'हा माझा हक्क आहे' या सुरात गेलात तर एचआर हेच दाखवेल. मधुमेहाने नजर खूप कमी झाली असेल किंवा पाय कापावा लागला असेल आणि 40 टक्के किंवा जास्त अपंगत्वाचा दाखला असेल, तर वाट वेगळी. त्यातही सरकारी आस्थापनेत नोकरीत असताना अपंगत्व आलं म्हणून कामावरून काढता येत नाही, हे कलम 20 मध्ये आहे.

अर्ज एका पानाचा. मागण्या महत्त्वाच्या क्रमाने: पहिली, सहा महिने फक्त फर्स्ट किंवा जनरल शिफ्ट, दुसरी, कॅन्टीनच्या पहिल्या बॅचमध्ये जेवण, तिसरी, सकाळी दहाच्या सुमारास दहा मिनिटं तपासायला आणि खायला, चौथी, किट जवळ ठेवायची परवानगी. पहिली नाकारली तरी उरलेल्या तीन मिळवून उठायचं. त्यापुढे कंपनीला काय मिळेल ते लिहा: रिलीव्हर (तुमच्या जागी काम सांभाळणारा) कोण, नाईट कोणाशी बदलली (त्याची सही घेऊन), आणि तीन महिन्यांनी आढावा घेण्याची तयारी. नाईट अलाउन्स जाणार, तो महिन्याला किती ते पगाराच्या स्लिपवर पाहून घरी आधी बोलून घ्या. जनरलच्या वेळेला कंपनीची बस तुमच्या स्टॉपवर येते का, हेही टाइम ऑफिसात विचारा. मंजुरी मिळाल्यावर अलाउन्ससाठी पुन्हा नाईट मागितली की पुढच्या वेळी कोणी ऐकत नाही.

आधी सुपरवायझरशी तोंडी बोला. त्याला वगळून वर गेलात तर रोजचा त्रास त्याच्याकडूनच होईल. मग कंपनीच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना भेटा, मग एचआर. दोन प्रती न्या आणि एका प्रतीवर तारखेसह पोच घ्या. कंत्राटी कामगाराने अर्ज कंत्राटदाराच्या नावे द्यावा आणि प्रत मूळ कंपनीच्या एचआरला. 'तुम्हाला दिलं तर सगळेच मागतील' हे वाक्य ऐकायला मिळणारच. त्यावर वाद नको, नोंदींचं पान पुढे करा आणि लाल आकडे कोणत्या शिफ्टचे आहेत ते दाखवा. नकार आला तर तो लेखी मागा आणि युनियन असेल तर ती प्रत घेऊन तिकडे जा.

किट आजच भरा, मंजुरीची वाट पाहू नका. ग्लुकोमीटर, पट्ट्या, सुया, वापरलेल्या सुयांसाठी झाकणाची जाड प्लास्टिकची बाटली, आणि 15 ग्रॅम साखर: साधारण तीन छोटे चमचे, कागदाच्या पुडीत, अशा चार पुड्या. शुगर 70 च्या खाली गेली की एक पुडी पाण्यातून घ्या, 15 मिनिटांनी पुन्हा तपासा, वाढली नसेल तर दुसरी. पेढा किंवा चॉकलेट यासाठी कामाचं नाही. त्यातल्या तुपामुळे, चरबीमुळे साखर उशिरा चढते. डाएट कोल्ड्रिंकने तर काहीच होत नाही. इन्सुलिन गाडीच्या डिकीत किंवा भट्टीजवळच्या लॉकरमध्ये ठेवू नका. 40 च्या (एका मिलीत 40 युनिट) बाटलीला लाल टोपीची सिरिंज आणि 100 च्या इन्सुलिनला केशरी टोपीची. यात गल्लत झाली तर डोस अडीचपट जास्त किंवा निम्म्याहूनही कमी जातो. औषध कंपनीत गाउन घालून आत गेल्यावर बाहेर यायलाच दहा मिनिटं जातात आणि आत खाता येत नाही, त्यामुळे तपासणी आत जाण्याआधी, आणि पुडी चेंज रूमच्या दाराशी.

शेजारच्या दोघांना नीट सांगून ठेवा. शुगर लो झालेला माणूस अडखळत बोलतो, चिडतो, झोकांड्या खातो. गेटवर त्याला दारू प्यायलेला समजून रिपोर्ट लिहिला जाऊ शकतो. शुद्धीत असेल तर साखरपाणी. शुद्ध हरपली असेल तर तोंडात काहीही घालायचं नाही, कुशीवर वळवायचं, दवाखान्याला कळवायचं आणि 108 ला फोन लावायचा.

मंजुरी मिळाली की ती ईमेलवर किंवा पत्रात घ्या, तोंडी नको. नव्या वेळा लागू होण्याआधी डॉक्टरांकडून डोस पुन्हा ठरवून घ्या. चौथ्या महिन्यात नोंदींचा पुन्हा एक आठवडा लिहा आणि सहावा महिना संपायच्या पंधरा दिवस आधी नवा दाखला द्या. सुपरवायझर बदलला तर त्याच दिवशी मंजुरीची प्रत त्याच्या हातात पडली पाहिजे.