‘इनफ’ आधी की नंतर? या चुका टाळा

‘ही इज इनफ टॉल’ हे वाक्य आपल्या कानाला खटकत नाही. मराठीत ‘पुरेसे पैसे’ काय आणि ‘पुरेसा उंच’ काय, ‘पुरेसा’ आधीच येतो. इंग्रजीत जागा बदलते. नामाच्या आधी ‘इनफ’ येतो, म्हणजे ‘इनफ मनी’. विशेषण किंवा क्रियाविशेषण असेल तर त्याच्यानंतर, म्हणजे ‘टॉल इनफ’, ‘फास्ट इनफ’.

खरी गंमत होते ती विशेषण आणि नाम दोन्ही असताना. समजा, मुंजीसाठी ताटं मागवायची आहेत. ‘बिग इनफ प्लेट्स’ म्हटलं, तर ताटं आकाराने पुरेशी मोठी. ‘इनफ बिग प्लेट्स’ म्हटलं, तर मोठी ताटं संख्येने पुरेशी. व्याकरणात दोन्ही बसतं, म्हणून तुमची चूक कुणी काढणार नाही. फक्त संख्या सांगायची असताना ‘बिग इनफ’ म्हणालात, तर केटरर ताटं मोठी आणेल, पण मोजकीच. अशा वेळी स्वतःला विचारा, कमी काय पडू शकतं, आकार की संख्या? ‘इनफ’ त्यानुसार ठेवा. एकच ताट हवं असेल तर हा प्रश्नच नाही: ‘अ बिग इनफ प्लेट’ म्हणायचं.

‘शी इज ओल्ड इनफ फॉर व्होटिंग’ यात आपला ‘मतदानासाठी’ डोकावतो. क्रियापद आलं की सरळ ‘टू’ लावा: ‘ओल्ड इनफ टू व्होट’. ‘फॉर’ लागतो तो कुणाच्या दृष्टीने हे सांगायला, उदाहरणार्थ ‘सिंपल इनफ फॉर अ चाइल्ड टू रीड’. आणि ‘द टी इज कूल इनफ टू ड्रिंक इट’ यातलं ‘इट’ काढून टाका. चहा वाक्याच्या सुरुवातीला येऊन बसलाय, त्याला परत कशाला बोलवायचं?

‘इनफ ऑफ मिल्क’ नको, नुसतं ‘इनफ मिल्क’. ‘द’, ‘माय’, ‘धिस’ किंवा ‘इट’, ‘देम’ पुढे असेल तर ‘ऑफ’ लावा. ‘व्हेरी इनफ’ तर अजिबात नको. भरपूर म्हणायचं असेल तर ‘मोर दॅन इनफ’ आहे.

व्याकरण बरोबर असूनही फसवणारी एक जागा आहे. सहकाऱ्याने मन लावून केलेलं प्रेझेंटेशन पाहून ‘इट्स गुड इनफ’ म्हणालात, तर तुमच्या मते ते कौतुक असेल. त्याला ‘ठीक आहे, चालेल’ असंच ऐकू जाईल. कौतुकच करायचं तर ‘इट्स रिअली गुड’ म्हणा. जेवताना आग्रह झाल्यावर कोरडेपणाने ‘आय हॅव हॅड इनफ’ म्हटलं, की ‘आता वैताग आला’ असाही अर्थ निघू शकतो. पुढे ‘थँक यू’ जोडा, नाहीतर सरळ ‘आय अ‍ॅम फुल’ म्हणा.