जिनिंगचा चुकारा अडकला तर: आधी वही, मग अर्ज

आमच्या यवतमाळच्या राळेगाव-पांढरकवडा पट्ट्यात जिनिंगचा, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यांचा, हंगाम दिवाळीच्या आसपास लागतो. चुकाऱ्याची, म्हणजे मजुरीच्या पैशांची, तक्रार घेऊन माणसं येतात मात्र हंगाम संपल्यावर. तोवर मशीन बंद, ठेकेदाराचा फोन बंद, अन् हातात कागद एकही नाही. मी डबल रोलरवर (सरकी काढायच्या मशीनवर) कापूस टाकायच्या कामाला बरीच वर्षं होते. आता गुडघे ऐकत नाहीत, म्हणून घरी बसून गावातल्या बायामाणसांचे अर्ज लिहून देते. येईल त्याला माझा पहिला प्रश्न ठरलेला: वही कुठं आहे?

वही म्हणजे साधी शाळेची. ती कामाच्या पहिल्या दिवशी सुरू करा, भांडणाच्या दिवशी नाही. रोज घरी आल्यावर चार गोष्टी लिहा: तारीख, गेटात गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ, काम काय केलं (रोलर, सरकी, प्रेस), आणि मुकादम कोण होता. उचल (आगाऊ पैसे) घेतली की त्याच दिवशी मांडा. उचलीचा हिशेब फक्त ठेकेदाराच्या डायरीत राहिला, तर दोन हजाराचे पाच हजार व्हायला वेळ लागत नाही.

एक युक्ती सांगते. त्या दिवशी कापसाची जी गाडी खाली झाली, तिचा नंबर वहीत टाकून ठेवा. आमच्या गावच्या एकीला ठेकेदार म्हणाला, "तू त्या हप्त्यात आलीच नाहीस." तिच्या वहीत तीन गाड्यांचे नंबर होते, अन् गेटच्या रजिस्टरात त्याच तारखांना त्याच गाड्या. मुनीमजी पुढं काही बोलले नाहीत.

मुकादम वहीवर सही देत नाही, हे मलाही माहीत आहे. मग व्हॉट्सअ‍ॅप वापरा. पण भांडणाचा मेसेज टाकू नका, भांडणाला कोणी उत्तर देत नाही. साधं विचारा: "भाऊ, या हप्त्याच्या माह्या सहा हजेऱ्या झाल्या ना? सगळ्या बारा तासांच्या हायेत." तो लिहितो, "हो हो, सोमवारी पाहू." ते "हो" जपून ठेवा. मोबाइल बिघडतो, म्हणून स्क्रीनशॉट घरातल्या दुसऱ्या फोनवरही पाठवा.

आता पैशाचा हिशेब. इथंच सगळ्यात जास्त लुबाडतात, आणि आपण गोड मानून घेतो. समजा आठ तासांची हजेरी 400 रुपये, म्हणजे तासाला 50. बारा तास काम झालं की ठेकेदार "दीड हजेरी" म्हणून 600 देतो, आपल्याला बरं वाटतं. पण आठवड्याच्या 48 तासांच्या वरचं काम दुप्पट दरानं द्यायचं असतं. सहा दिवस बारा-बारा तास म्हणजे 72 तास, वरचे 24. त्याचे तासाला 100 प्रमाणे 2400 व्हायला पाहिजेत, दीड हजेरीत मिळतात 1200. दर आठवड्याला एका बाईचे 1200 गेले. हा 400 चा आकडा मी हिशेबापुरता धरला. खरं किमान वेतन म्हणजे मूळ दर अधिक विशेष भत्ता, आणि भत्ता जानेवारीत आणि जुलैत बदलतो. चालू दर कामगार कार्यालयात विचारा.

अर्धा तास उशीर झाला म्हणून अर्धी हजेरी कापतात, तेही चालत नाही. जेवढा वेळ गैरहजर, तेवढेच पैसे कापता येतात. नुकसान झालं म्हणून कापायचे असतील, तर आधी तुमचं म्हणणं ऐकावं लागतं. पगार पुढच्या महिन्याच्या 7 तारखेच्या आत, आणि कामावरून काढलं किंवा तुम्ही सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत सगळा चुकारा. 21 नोव्हेंबर 2025 पासून वेतन संहिता (मजुरीचा नवा कायदा) लागू झाली, तिच्यात दाव्याला तीन वर्षांची मुदत आहे. ठेकेदार पळाला तर "आमचा काही संबंध नाही" असं मालकाला म्हणता येत नाही, मजुरी त्याच्यावर येते. म्हणून अर्जात दोघांचीही नावं घाला.

अर्ज जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी कामगार अधिकाऱ्यांच्या नावानं. "आमचे शोषण होत आहे" असं पानभर लिहू नका, त्यात पकडायला काही नसतं. कामाचं ठिकाण, कधीपासून कधीपर्यंत, रोजचे तास, मिळालेले पैसे, राहिलेले पैसे, एवढं लिहा. दहाजणी असाल तर अर्ज एक, पण प्रत्येकीची रक्कम वेगळ्या रकान्यात. सह्या ओळीनं करू नका, गोल करा. पहिलं नाव दिसलं की दुसऱ्या दिवशी त्याच बाईला गेटावर अडवतात.

दोन प्रती न्या. एकीवर आवक शिक्का, क्रमांक आणि तारीख घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. "ठेवून जा, साहेब आल्यावर पाहतील" म्हटलं की तिथंच बाकावर बसा. अगदीच घेत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा आणि पावती वहीत चिकटवा.

वकिलाचे पैसे कुठून आणू, असं प्रत्येकजण विचारतो. तालुक्याच्या कोर्टात विधी सेवा समिती असते. बाया, अनुसूचित जाती-जमातीची माणसं आणि कारखान्यातले कामगार यांना तिथं वकील फुकट मिळतो. 15100 वर फोन केला तरी चालतं.

पीएफ कापतात पण भरतात की नाही, ते उमंग अ‍ॅपवर पासबुकात दिसतं, पोरांना पाहायला सांगा. मुकादम अंगचटीला येत असेल तर तो विषय चुकाऱ्याच्या अर्जात घालू नका. त्याची तक्रार वेगळी जाते, तीन महिन्यांच्या आत: कारखान्यात अंतर्गत समिती असेल तर तिच्याकडे, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे.

अर्ज लागला की ठेकेदाराचा माणूस रात्री घरी येतो. "वहिनी, कायले एवढं ताणता, हे घ्या अन् इथं सही करा." कोऱ्या कागदावर, किंवा "पूर्ण हिशेब मिळाला" लिहिलेल्या कागदावर सही-अंगठा देऊ नका. रक्कम खात्यात जमा झाल्यावरच तक्रार मागं घ्या. रोख देतो म्हणाला, तर अधिकाऱ्यासमोर टेबलावर मोजून घ्या आणि तसं त्यांच्याकडून लिहून घ्या.