इटलीत भाड्याची गाडी: चोरीचं कव्हर किल्लीवर आणि पोलिसांच्या कागदावर टिकतं

इटलीत गाडी भाड्याने घेताना ‘फुल इन्शुरन्स आहे ना?’ एवढं विचारून भागत नाही. उत्तर बहुधा ‘हो’ येतं आणि ते खोटंही नसतं. पण गाडी चोरीला गेली तर पैसे कुणी भरायचे, हे करारातल्या अटींवर ठरतं. त्यातल्या दोन अटी सगळ्यांत जड आहेत: गाडीची मूळ किल्ली कंपनीला परत देता आली पाहिजे आणि पोलिसांत केलेल्या तक्रारीची प्रत दाखवता आली पाहिजे. यातलं एक जरी नसलं तरी साध्या छोट्या गाडीची पूर्ण किंमत तुमच्याकडे मागितली जाऊ शकते.

भाड्यात काय धरलेलं असतं

करारावर तीन गोष्टी शोधा. आरसीए म्हणजे आपल्याकडची थर्ड पार्टी. ती कायद्यानेच सक्तीची आहे, म्हणून प्रत्येक भाड्यात असतेच. दुसरी सीडीडब्ल्यू, म्हणजे भाड्याने घेतलेल्या गाडीचं नुकसान. तिसरी टीपी, म्हणजे चोरी. काही कंपन्या तिला टीएलडब्ल्यू म्हणतात. इटलीत बहुतेक दरांत या दोन्ही आधीच धरलेल्या असतात, तरी बुकिंग करताना दोन्ही नावं स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. काउंटरवर जे वेगळं विकतात तो मूळ विमा नसतो. तुमच्यावर पडणारा वाटा कमी करण्याचं ते पॅकेज असतं.

सीडीडब्ल्यू आणि टीएलडब्ल्यू यांच्या शेवटचा शब्द ‘वेव्हर’ आहे, आणि वेव्हर म्हणजे माफी. गाडी कंपनीची, त्यामुळे नुकसान वसूल करण्याचा हक्कही तिचा. एका रकमेपलीकडचा हक्क ती सोडून देते, आणि त्या रकमेपर्यंत तुम्ही भरता. ही रक्कम म्हणजे एक्सेस, इटालियनमध्ये फ्रांकीजा. अट मोडली की माफी संपते आणि वसुली पूर्ण रकमेची होते.

आपल्याकडे गाडीच्या पॉलिसीत सक्तीची वजावट १५०० सीसीपर्यंत १००० रुपये आणि त्यावर २००० रुपये असते, म्हणून एक्सेस हा आकडा कुणी फारसा वाचत नाही. तिथे हाच आकडा साधारण १००० ते २००० युरो असतो, आणि चोरीचा एक्सेस नुकसानीच्या एक्सेसपेक्षा बरेचदा जास्त असतो. दोन्ही आकडे वेगवेगळे लिहून घ्या. काही करारांत ठरावीक प्रदेशांत चोरी झाली तर वेगळी अट लागते, तीही बघून ठेवा.

साध्या सीडीडब्ल्यूमध्ये बहुधा न येणाऱ्या गोष्टी: टायर आणि रिम, काचा आणि आरसे, छप्पर, गाडीचा तळ, आतलं सामान, हरवलेली किल्ली, क्लच आणि चुकीचं इंधन. इंधनाची चूक तर अगदी सहज होते. बेंझीना म्हणजे पेट्रोल, गाझोलियो म्हणजे डिझेल. ‘गाझोलियो’ हा शब्द ऐकून गॅसोलीन आठवतं आणि पेट्रोलच्या गाडीत डिझेल पडतं. २०१८ पासून युरोपियन युनियनमध्ये पंपावर आणि नव्या गाड्यांच्या झाकणावर एकसारखी खूण असते: पेट्रोलला गोल, डिझेलला चौकोन. शब्दाऐवजी आकार जुळवा. चुकलंच तर गाडी सुरू न करता कंपनीला फोन करा. इंजिन चालू झालं की चुकीचं इंधन पंपापासून इंजेक्टरपर्यंत पोचतं आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो.

एक्सेसचं काय करायचं

समजा गाडी सात दिवस आहे आणि एक्सेस १५०० युरो. काउंटरवर शून्य एक्सेसचं पॅकेज रोज २५ युरोला मिळतंय, म्हणजे १७५ युरो. बाहेरची एक्सेस पॉलिसी रोज ६ युरोला मिळाली तर ४२ युरो. फरक मोठा दिसतो, पण बाहेरच्या पॉलिसीत नुकसान झालं की आधी १५०० युरोपर्यंतची रक्कम तुमच्या कार्डावरून जाते आणि नंतर तुम्ही कागद जोडून क्लेम करता. बुकिंग वेबसाइटवरचं ‘फुल प्रोटेक्शन’ही बहुधा असंच चालतं. काउंटरवरचा माणूस त्याला ओळखत नाही, तुमच्या कार्डावर अडवायचं डिपॉझिट कमी करत नाही, आणि ‘हे इथे चालत नाही’ म्हणतो तेव्हा त्याच्या बाजूने ते बरोबरच असतं.

बाहेरची पॉलिसी घेताना राहण्याच्या देशाची अट आधी वाचा. अनेक पॉलिसी फक्त ब्रिटन किंवा युरोपात राहणाऱ्यांसाठी असतात. पुणे-नाशिकचा पत्ता असलेल्याने पैसे भरले तरी क्लेमच्या वेळी ती नाकारली जाते. भारतातून घेतलेल्या प्रवास विम्यात भाड्याच्या गाडीचा एक्सेस काही योजनांत असतो, काहींत नसतो. माहितीपत्रकावर विसंबू नका, पॉलिसीच्या मजकुरात शोधा.

कार्डाची मर्यादा जेमतेम असेल किंवा डावीकडे स्टिअरिंग असलेली गाडी पहिल्यांदाच चालवायची असेल, तर काउंटरचं पॅकेज घ्यावं असं आमचं स्पष्ट मत आहे. उजवीकडे बसायची सवय असलेल्या चालकाला गाडीच्या उजव्या बाजूचा अंदाज येत नाही, गाडी उजवीकडे सरकत राहते, आणि उजवा आरसा व उजव्या चाकांच्या रिम फुटपाथच्या कडेला घासतात. पण सही करण्याआधी विचारा: यात चोरीचा एक्सेसही शून्य होतो का? काचा आणि टायर येतात का? नाव ‘सुपर’ असलं तरी चोरीचा एक्सेस तसाच ठेवलेली पॅकेजं असतात.

निघण्याआधी

इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतूनच घ्या. सारथी पोर्टलवर अर्ज करता येतो, फॉर्म ४ए, शुल्क १००० रुपये, मुदत एक वर्ष. इटलीत भारतीय लायसन्ससोबत ते लागतं. काही काउंटर ते न बघताच गाडी देतात, आणि धोका तिथेच आहे: अपघात किंवा चोरी झाल्यावर चालकाचे कागद अपुरे निघाले तर माफी नाकारायला कारण मिळतं. वेबसाइटवर विकली जाणारी परमिटसारखी दिसणारी पुस्तकं घेऊ नका.

क्रेडिट कार्ड मुख्य चालकाच्याच नावाचं हवं. नवऱ्याच्या नावावर बुकिंग आणि बायकोचं कार्ड असं असेल तर काउंटरवरून परत पाठवतात. बँकेच्या ॲपमध्ये परदेशी व्यवहार सुरू करा, त्यांची मर्यादा एक्सेसपेक्षा वर न्या आणि पिन पाठ ठेवा. कार्डाच्या मशीनवर ‘रुपये की युरो’ विचारलं तर युरो निवडा. डेबिट कार्ड आणि फॉरेक्स कार्ड डिपॉझिटसाठी अनेक ठिकाणी चालत नाहीत.

गाडी जो जो चालवणार त्या प्रत्येकाचं नाव करारात घाला. रोजचे थोडे युरो वाचवायला नाव टाळलं आणि शेवटच्या शंभर किलोमीटरला दुसऱ्याने स्टिअरिंग धरलं, तर त्या शंभर किलोमीटरसाठी कव्हर नाही. गाडी स्वित्झर्लंडला किंवा फेरीने सार्डिनियाला न्यायची असेल तर लेखी परवानगी घ्या.

गाडी ताब्यात घेताना

पार्किंगमधून गाडी हलवण्याआधी एक सलग व्हिडिओ काढा: नंबर प्लेटपासून सुरू करून पूर्ण फेरी. मग जवळून फोटो घ्या: चारही रिम, पुढच्या बंपरची खालची कड, समोरची काच, दोन्ही आरसे, छप्पर, इंधनाचा काटा आणि किलोमीटर. पुढच्या बंपरची खालची कड खाली वाकून पाहा. जुने ओरखडे तिथेच असतात आणि उभं राहून दिसत नाहीत. कागदावर नसलेला ओरखडा दिसला तर ‘लहान आहे, चालेल’ या उत्तरावर निघू नका. नोंद करून सही घ्या. किल्ल्या किती दिल्या तेही बघा. दोन किल्ल्या एकाच तारेत अडकवून दिल्या असतील तर दोन्ही परत द्याव्या लागतात.

गाडी उभी करताना

सामान डिकीत ठेवायचं ते हॉटेलवरून निघतानाच. पार्किंगमध्ये येऊन सगळ्यांसमोर डिकी उघडली आणि त्यात लॅपटॉपची बॅग सरकवली, तर पाहणाऱ्याला हवं ते कळलं. फोनचा होल्डर, चार्जिंगची वायर, काचेवर उमटलेला होल्डरचा गोल डागसुद्धा काढून टाका. पासपोर्ट गाडीत कधीच ठेवू नका.

रिमोटने लॉक केल्यावर दार हाताने ओढून बघा. चोर जॅमर लावून रिमोटचा सिग्नल अडवतात, गाडी उघडीच राहते, आणि तोडफोडीची खूण नसल्यामुळे पुढे क्लेमही अवघड होतो. शहरात रात्रभर गाडी ठेवायची असेल तर ‘पार्केज्जो कुस्तोदीतो’ शोधा, म्हणजे राखणदार असलेलं पार्किंग. पाटीवर ‘नोन कुस्तोदीतो’ असेल तर जागेचे पैसे घेतात, गाडी राखत नाहीत. पार्किंगची पावती जपून ठेवा.

पेट्रोलचे पैसे द्यायला उतरताना किल्ली काढा आणि गाडी लॉक करा, मग मुलं आत बसलेली का असेनात. किल्ली गाडीत असताना गाडी गेली तर किल्ली परत देण्याची अट तिथेच मोडते. कुणी हात करून ‘टायर पंक्चर’ असं खुणावलं तर तिथे थांबू नका. सावकाश पुढच्या पंपापर्यंत जा. पुढे स्पेनला जाणाऱ्यांनी बार्सिलोना आणि फ्रान्सच्या सीमेदरम्यानच्या एपी-७ महामार्गावर हे खास लक्षात ठेवावं. तिथे एकजण टायर दाखवत बोलण्यात गुंतवतो आणि दुसरा पलीकडच्या दारातून पर्स उचलतो.

गाडी जागेवर नसेल तर

आधी ती चोरीला गेली की उचलून नेली, हे बघा. ‘रिमोत्सियोने’ची, म्हणजे गाडी उचलून नेण्याची पाटी किंवा पिवळ्या रेषा असतील तर पालिकेच्या पोलिसांना विचारा, गाडी बरेचदा त्यांच्याकडे निघते. नसेल तर ११२ लावा आणि मग स्वतः काराबिन्येरी या पोलीस दलाच्या ठाण्यात किंवा क्वेस्तुरात, म्हणजे पोलीस मुख्यालयात जा. तिथे ‘देनुंच्या दी फुर्तो’, म्हणजे चोरीची तक्रार लिहून घेतात. सोबत करार, पासपोर्ट, लायसन्स आणि नंबर प्लेटचा फोटो न्या. तक्रारीत जागा, गाडी ठेवल्याची आणि न सापडल्याची वेळ, लॉक केल्याचा उल्लेख आणि किल्ली तुमच्याकडे असल्याचं वाक्य येऊ द्या. शिक्क्याची प्रत घेतल्याशिवाय ठाण्यातून उठू नका.

कंपनीला लगेच फोन करा, पाठोपाठ ई-मेल टाका. कळवण्याची मुदत करारात असते आणि ती तासांत असते, दिवसांत नाही. मग मूळ किल्ली आणि देनुंच्याची प्रत जवळच्या शाखेत द्या आणि किल्ली मिळाल्याची लेखी पोच घ्या. किल्ली दिली हे सिद्ध करणारा दुसरा कागद पुढे कुठेच मिळत नाही.

काच फोडून सामान नेलं असेल तरी हीच तक्रार करायची. टीपी फक्त गाडीसाठी आहे, बॅगेसाठी नाही. भारतीय प्रवास विम्यातही सामानाचं कव्हर बरेचदा विमानात चेक-इन केलेल्या बॅगेपुरतंच असतं. पासपोर्ट गेला असेल तर तक्रारीत त्याचा नंबर लिहून घ्या. रोमच्या भारतीय दूतावासात किंवा मिलानच्या वाणिज्य दूतावासात तीच प्रत मागतात.

गाडी परत करताना

कर्मचारी असतील अशाच वेळी गाडी द्या आणि तपासणीचा कागद घ्या. रात्री किल्ली पेटीत टाकली तर अनेक करारांप्रमाणे काउंटर उघडेपर्यंत गाडीची जबाबदारी तुमचीच राहते. त्या पार्किंगमध्ये पहाटे कुणी आरसा मोडला तरी. नाइलाज असेल तर पुन्हा तोच व्हिडिओ काढा, आणि किल्ली पेटीत पडतानाचाही.

डिपॉझिटची अडवलेली रक्कम सुटायला काही दिवसांपासून महिन्यापर्यंत लागतात. करार आणि फोटो मात्र वर्षभर ठेवा. झेडटीएलमध्ये, म्हणजे जुन्या शहरांतल्या बंदी क्षेत्रात, गाडी गेली असेल तर दंडाचं पत्र कित्येक महिन्यांनी घरी येतं. चालकाचं नाव पोलिसांना कळवल्याचं शुल्क कंपनी वेगळं घेते, आणि या दोन्ही रकमा कुठल्याच कव्हरमध्ये येत नाहीत.