बी.कॉम. झालंय, कॅलिफोर्नियात अकाउंटिंग कुठून सुरू करायचं?

एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बीवर नोकरी करणाऱ्याच्या जोडीदाराला मिळतो त्यावर, शिकायला पूर्ण मुभा आहे. पगारी काम मात्र ईएडी (काम करायचा परवाना) हातात पडल्याशिवाय करता येत नाही. ती वाट बघण्याची वर्षं फुकट घालवू नका. कम्युनिटी कॉलेजात (दोन वर्षांचं सरकारी कॉलेज) अकाउंटिंग करायला ती उत्तम आहेत.

पण आधी रहिवासाचं बघा. कॅलिफोर्नियाचे रहिवासी ठरलात तर सेमिस्टरच्या कॉलेजात एका युनिटला (म्हणजे क्रेडिटला) ४६ डॉलर, म्हणजे चार युनिटांचा विषय १८४ डॉलरला पडतो. रहिवासी नसाल तर प्रत्येक युनिटमागे वर आणखी शेकडो डॉलर. टर्म सुरू होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत राज्यात एक वर्ष आणि एक दिवस झालेला असावा लागतो, आणि इथेच राहायचा इरादा कागदांवरून दिसावा लागतो. बहुतेकींचं अडतं ते या कागदांवर: घराचा करार नवऱ्याच्या नावावर, वीजबिल त्याच्या नावावर, बँकेचं खातंही त्याचंच. म्हणून आल्या आल्या करारात आपलं नाव घालून घ्या, खातं जोडीने उघडा, ड्रायव्हिंग लायसन्स किंवा स्टेट आयडी काढा, आणि राज्याचा टॅक्स रिटर्न दोघांच्या नावाने भरा. एफ-१ वर (विद्यार्थी व्हिसावर) असाल तर ही सवलत नाही.

दुसरा घोळ नावाचा. आपल्या मार्कशीटवर आधी आडनाव, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं; पासपोर्टवर लग्नानंतरचं आडनाव. आपली पदवी इथल्या कोणत्या शिक्षणाइतकी धरायची हे ठरवणारी मूल्यमापन संस्था दोन नावं बघून फाइल थांबवते. लग्नाचा दाखला सोबत जोडा. ट्रान्सक्रिप्ट विद्यापीठाकडूनच थेट किंवा सीलबंद जावं लागतं, त्यामुळे सुट्टीत घरी गेलात की ते काम पहिलं उरका.

विषय कोणता घ्यायचा? फायनान्शियल अकाउंटिंग, अगदी पहिल्यापासून. बी.कॉम. फर्स्ट क्लास असला तरी. डेबिट-क्रेडिट तेच आहे, पण बाकीची मांडणी फिरलेली आहे. ‘स्टॉक’ म्हणजे इथे शेअर; मालाला इन्व्हेंटरी म्हणायचं. संड्री डेटर्स झाले अकाउंट्स रिसीव्हेबल. ताळेबंदात रोख रक्कम सगळ्यात वर येते. जर्नलमध्ये ‘टू’ लिहायचं नाही, क्रेडिटची ओळ नुसती आत सरकवायची.

सगळ्यात जास्त मार्क जातात ते मालाच्या नोंदीत. अकरावी-बारावीच्या पुस्तपालनात आपण खरेदी खातं नावे टाकतो आणि वर्षअखेरीला अखेरचा साठा दाखवतो. इथे बहुतेक प्रश्न परपेच्युअल पद्धतीचे असतात: माल आला की थेट इन्व्हेंटरी डेबिट, आणि प्रत्येक विक्रीला दोन नोंदी. १,२०० डॉलरचा माल २,००० ला उधार विकला, तर रिसीव्हेबल डेबिट आणि सेल्स क्रेडिट २,०००. त्याच्या पाठोपाठ कॉस्ट ऑफ गुड्स सोल्ड डेबिट आणि इन्व्हेंटरी क्रेडिट १,२००. आपली मुलं पहिली नोंद बिनचूक करतात आणि दुसरी विसरतात. मग इन्व्हेंटरी १,२०० ने फुगते, नफाही तेवढाच. ट्रायल बॅलन्स मात्र जुळतो, म्हणून चूक सापडत नाही.

कॉलेज निवडताना सेमिस्टर (वर्षात दोन मोठ्या टर्म) की क्वार्टर (तीन छोट्या) हे बघा. दि अँझा आणि फूटहिल क्वार्टरवर चालतात. तिथे युनिटला ३१ डॉलर, आणि सेमिस्टरचे दोन कोर्स तीन क्वार्टरांत वाटलेले असतात. मधेच कॉलेज बदललं तर तुकडे जुळत नाहीत. मालिका एकाच ठिकाणी संपवा. वेळेचा हिशेब असा: वर्गातल्या एका तासामागे घरी दोन. लहान मूल सांभाळून पहिल्या टर्मला एकच विषय घ्या. झेपत नसेल तर ‘डब्ल्यू’ (विषय सोडल्याचा शेरा) न लागता सोडायची तारीख असते, ती पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर लिहा.

जुनं पुस्तक स्वस्तात मिळालं म्हणून लगेच घेऊ नका. गृहपाठ ऑनलाइन असतो, त्याचा ॲक्सेस कोड एकदाच चालतो, आणि जुन्या पुस्तकातला तो वापरलेला असतो. वेळापत्रकात ‘झीटीसी’ (झीरो टेक्स्टबुक कॉस्ट) खूण असलेला वर्ग मिळाला तर पुस्तकाचा खर्चच नाही.

पुढे सीपीए (आपल्या सीएसारखं) करायचं असेल तर पदवीबरोबर अकाउंटिंगची २४ सेमिस्टर युनिटं हा आकडा डोक्यात ठेवा; क्वार्टरची तीच ३६ होतात. नियम बदलत असतात, म्हणून विषय निवडण्याआधी कॅलिफोर्निया बोर्ड ऑफ अकाउंटन्सीचं पान स्वतः वाचा. तीन वर्षांची पदवी प्रत्येक मूल्यमापन संस्था सारखीच धरत नाही, तेव्हा पैसे भरण्यापूर्वी विचारा. इतकं लांब जायचं नसेल तर एन्रोल्ड एजंट, म्हणजे आयआरएसचा (केंद्रीय कर खात्याचा) मान्यताप्राप्त कर सल्लागार, हा पर्याय आहे: तीन पेपर, प्रत्येकी १०० प्रश्न, पदवीची अट नाही. फक्त रिटर्न भरून द्यायचे असतील तर सीटीईसीचा (कॅलिफोर्नियात रिटर्न भरून देणाऱ्यांची नोंदणी करणारी संस्था) ६० तासांचा कोर्स आणि ५,००० डॉलरचा बाँड (हमीपत्र) लागतो.

अनुभव नाही म्हणून नोकरी अडते, त्यावर चांगला उपाय व्हीटा. आयआरएसच्या या उपक्रमात कमी उत्पन्नाच्या लोकांचे रिटर्न मोफत भरून देतात. काम बिनपगारी असल्याने ईएडी नसतानाही करता येतं. परीक्षा देऊन प्रमाणपत्र मिळतं, आणि जानेवारीअखेरपासून १५ एप्रिलपर्यंत खऱ्या माणसांचे १०४० फॉर्म हाताखालून जातात. कॉलेजच्या अकाउंटिंग विभागात दिवाळीच्या सुमारासच चौकशी करा. जानेवारीत जागा भरलेल्या असतात.