कोकणातल्या बागांच्या मातीत कीटकनाशकांचे अंश शोधणाऱ्यांसाठी

रत्नागिरी-सिंधुदुर्गातील काजू-आंब्याच्या मातीवर प्रबंध करायचा असेल, तर नमुने कसे घ्यावेत हे कोणत्याही पुस्तकात सापडेल. पण अहवालातील ‘आढळले नाही’ हे शब्द कसे वाचायचे, हे सहसा कोणी शिकवत नाही, आणि माझी सर्वाधिक दमछाक त्यांनीच केली.

एंडोसल्फान या कीटकनाशकाचे उदाहरण घ्या. काजूवरच्या ढेकण्या या किडीसाठी ते पश्चिम किनाऱ्यावर वापरले जाई. केरळातील कासारगोडच्या काजूबागांवर तर २००० सालापर्यंत हेलिकॉप्टरने फवारणी होत असे. सर्वोच्च न्यायालयाने मे २०११ मध्ये त्यावर अंतरिम बंदी घातली. बाजारातील औषधात अल्फा आणि बीटा हे दोन आयसोमर (अणू तेच, रचना वेगळी अशी रूपे) साधारण ७:३ या प्रमाणात असत. मातीतले सूक्ष्मजीव त्यांचे एंडोसल्फान सल्फेट करतात, जे मूळ औषधाइतकेच विषारी असून त्याहून चिवट असते. प्रयोगशाळा ज्याच्याशी नमुना ताडून पाहते त्या प्रमाणित द्रावणात केवळ अल्फा-बीटाच असतील, तर घटक वेगळे करणाऱ्या यंत्राच्या (गॅस क्रोमॅटोग्राफच्या) आलेखावर बीटाच्या पुढे उभे राहिलेले सल्फेटचे शिखर अनोळखी म्हणून सोडले जाते आणि माती निर्दोष ठरते. म्हणून नमुने देण्यापूर्वीच द्रावणातील घटकांची यादी लेखी मागा. शोधमर्यादाही (किती कमी प्रमाण यंत्राला ओळखता येते ते) विचारा, कारण ती न सांगता दिलेल्या ‘आढळले नाही’ला काडीचाही अर्थ नसतो. डीडीटीच्या बाबतीत त्याच्या विघटनातून बनणाऱ्या डीडीईकडे दुर्लक्ष केल्यास हेच घडते.

उलट बाजूचा धोका, म्हणजे नसलेले औषध आढळल्यासारखे दिसणे, खाजणात (खाडीकाठच्या खाऱ्या जमिनीत) आहे. तिथल्या काळ्या चिखलात मूलद्रव्यरूपी गंधक असू शकते, आंब्याच्या भुरीसाठी मारलेले गंधकही बागेच्या मातीत उतरते, आणि ईसीडी (इलेक्ट्रॉन कॅप्चर डिटेक्टर) या शोधकावर ते कीटकनाशकासारखेच उमटते. अर्क तांब्याच्या भुकटीबरोबर हलवून घेतल्यास ते निघून जाते. तरीही संशयास्पद शिखर रेणूच्या वस्तुमानावरून पदार्थ ओळखणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरवर तपासल्याखेरीज त्याला नाव देऊ नका.

‘नमुने बाहेर पाठवा, छापील अहवाल आला की प्रकरण लिहून टाका’ असे सांगणारे गाइड भले असतील, पण परीक्षेच्या दिवशी परीक्षकासमोर तुम्ही एकटेच असता, हे माझे ठाम मत आहे. मात्र घाबरण्याचे कारण नाही. महागडे यंत्र स्वतःचे नसले तरी चालते. ज्ञात मात्रा मिसळलेल्या जांभ्या मातीतून ७० ते १२० टक्के औषध परत मिळते, एवढे स्वतः दाखवता आले की निम्मी लढाई जिंकली. जांभ्याचे खडे दोन मिलिमीटरच्या चाळणीवर वेगळे करून त्यांचे वजन नोंदवा आणि आकडे कोरड्या मातीवर द्या. पावसाळ्यानंतरच्या ओल्या नमुन्यांची मेमधल्या नमुन्यांशी तुलना त्याशिवाय होत नाही.

बागायतदाराकडे जुन्या फवारणीची चौकशी करताना बंदीचा विषय आधी काढू नका. मोहोराच्या वेळी तुडतुडे कसे आवरत होता, असे विचारले की औषधांची नावे आपोआप येतात, आणि पुष्कळदा मांगराच्या (बागेतल्या खोपीच्या) फळीवरची रिकामी बाटलीही दाखवली जाते.